जाताना सहा, येताना दीड

१. दोहा ते मुंबई किती तास?

चोरी झाली होती, पण चौकीत जाऊन सांगावी अशी नव्हती. बाबू गांगुर्डेची एक अख्खी रात्र कुणीतरी पळवली होती, आणि वर अडीच तास. तेवढ्या वेळापायी त्याच्या आईला चुलतभावानं अग्नी दिला. थोरला लेक घोटीजवळच्या आपल्या गावात पोचला तेव्हा राखेत धग होती. आणि सूर्य अजून डोंगरावर होता. ही सूर्याची गोष्ट लक्षात ठेवायची.

विभावरी सबनीसला हे कळलं ते गळक्या एसीपायी. दोह्यात, बिन महमूद भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करायला आलेला बाबू शिडीवर चढला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दोन घड्याळांकडे बघत तसाच राहिला.

"वरचं इंडियाचं का, मॅडम?"

"हो. नाशिकला आईला फोन करते ना. ती जेवायला बसली की झोपली, ते कळायला."

थोड्या वेळानं शिडीवरून नाक ओढल्याचा आवाज आला. विभावरीनं त्याला खाली उतरवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं. माणसाला विचारलं की माणूस सांगतो. गावाहून परत येऊन तीन आठवडे झाले होते, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आई हौसाबाई दुपारी गेली. बाबू तेव्हा अल गराफाच्या एका व्हिलाच्या गच्चीवर थंडाव्याच्या मशिनचे पाइप जोडत होता. तिथे कामाला आत जाताना फोन गेटवरच्या पेटीत टाकावे लागतात. बहीण राणीनं फोन लावलावून शेवटी संध्याकाळी कंपनीच्या ऑफिसचा नंबर फिरवला. फोन उचलला गेला. मराठी माणूस होता. 'लगेच कळवतो' म्हणाला.

काम रात्रभर चाललं. बाबूला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, पेटीतला फोन हातात आल्यावर. नऊचं विमान मिळालं. तो हवेत असताना तिकडे चिता पेटली.

"राणी काय म्हणते?"

"तेराव्यालाही बोलली नाय माझ्यासंगं. निघताना दाराआडून एवढंच म्हणली." बाबूनं हातातला पाना उगाच फिरवला. "'आदी एका माणसाला सांगाया लावलं, तीन तास. मग दुसऱ्याला सांगाया लावलं, सहा तास. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं व्हतं, दादा. आता हे दार तुला नाय.' मॅडम, मी कुणालाच काय सांगाया लावलं नाय. आई गेली ती गेली. पण बहीण जिती असून गेली."

विभावरी एका विमान कंपनीत वेळापत्रकं बसवायची. कुठलं विमान कधी उडेल, कधी टेकेल, हे ठरवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिच्या डोक्यात तिडीक उठली. एकाच आकाशातून एकच विमान गेलं; ते तीन तासांचं आणि सहा तासांचं कसं?

"आई, धिस इज नॉट युअर केस," आतून नुपूर म्हणाली. पोरीला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र असं.

"मग कुणाची आहे?" विभावरीनं ओढणी घेतली. "यल्ला, चला बाबू. तुमच्या एचआरचं नाव काय?"

बाबूनं सांगितलं, आणि ती दारातच थांबली. त्या माणसाला ती दर गणपतीत भेटत होती.


२. दोहा ते नाशिक थेट विमान आहे का?

हा एचआरवाला गुरुप्रसाद दोह्याच्या मराठी मंडळाचा लाडका. आरतीचं तबक त्याच्या हाती, सूत्रसंचालनाचा माइक त्याच्या हाती. ऑफिसातही तसाच गोड.

"विभावरीताई! तुम्ही इकडे? बसा. खजूर घ्या. बाबूचं फार वाईट झालं हो. मला सकाळी सहाला समजलं आणि तासाभरात मी तिकीट हातात ठेवलं."

"आदल्या संध्याकाळी त्याच्या बहिणीनं याच ऑफिसला फोन केला होता."

"पाच वाजता ऑफिस बंद. त्यानंतर हा नंबर कधी माझ्याकडे वळवतो, कधी कामगारांच्या कॅम्पवर कमालकडे. त्या दिवशी कमालकडे होता." त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? कमालच्या ऑफिसात आमचा ड्रायव्हर धोंडीराम चहा ढोसत बसलेला असतो. फोन त्यानंच घेतला असणार, आणि विसरला. वय झालंय. त्याला कायमचा घरी पाठवायचं चाललंय आमचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेवटी अंतराचा प्रश्न आहे."

"किती अंतर?"

हा प्रश्न त्याला आवडला. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं एक पान होतं. 'दोहा – नाशिक' टाइप केलेलंच होतं. नकाशावर एक सुबक वाकडी रेघ.

"दोन हजार तीनशे साठ किलोमीटर. तीन तास पंचवीस मिनिटांचं तर फ्लाइट आहे! या पोरांच्या सुट्ट्या मी यावरूनच ठरवतो. म्हणे प्रवासाचे दोन दिवस द्या. कशाला? जग किती जवळ आलंय, ताई."

"नाशिकला दोह्याहून विमान जात नाही, गुरुप्रसाद."

"अहो, अंदाज असतो तो."

"मुंबईला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, गाडी शोधायची, घाट चढायचा. ही रेघ पाखराची आहे. तुम्ही माणसाची सुट्टी पाखरावरून ठरवता?"

गुरुप्रसाद हसला. सूत्रसंचालनात प्रेक्षक हसले नाहीत की तो असाच हसायचा.

विभावरी जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. धोंडीरामला गाठायला हवं होतं, तो घरी पाठवला जायच्या आत.


३. सहा तास म्हणजे नक्की किती?

अल मन्सूराच्या मेट्रो स्टेशनजवळ, एका किराणा दुकानाच्या सावलीत धोंडीराम करक, म्हणजे दुधाळ कडक चहा घेऊन बसला होता. जून संपत आला होता, सावलीही भाजत होती. साताऱ्याकडचा माणूस. दोह्यात पंचवीस वर्षं गाडी चालवलेली. बाबू त्याला मामा म्हणायचा. गेले तीन आठवडे, गावाकडच्या त्या फोनांचा संशय धरून, बाबूनं त्याच्या पंगतीत जेवण सोडलं होतं.

"बसा ताई. तुमी त्या बाबूकडनं आलाय न्हवं? मग चा घ्या, आन मग शिव्या द्या."

"शिव्या कशाला देऊ?"

"म्हातारीला मीच जाळली म्हणून."

त्यानं पेला खाली ठेवला. त्या सकाळी बाबूला विमानतळावर त्यानंच सोडलं होतं. पोरगं रडत आत गेलं. गावाकडं कुणीतरी सांगायला हवं, म्हणून यानं बाबूकडून शेजारच्या फुलाबाईंचा नंबर घेतला होता. विमान उडाल्याचं फलकावर दिसल्यावर फोन लावला.

"काय सांगितलंत? शब्द न् शब्द सांगा."

"म्हनलं, बाबूचं इमान आत्ता उडालं. सहा तास लागत्यात. आविष्यभर तेच सांगत आलोय की. जाताना सहा, येताना दीड. हितं समद्यास्नी ठावं हाय."

"तीन तासांचं कधी म्हणालात?"

"तीन?" धोंडीराम खरोखर बुचकळ्यात पडला. "तीन तासांत कोन जातंय? नऊला बसलं की तीनला उतारतंय. मोजा की. सहाच."

"आणि आदल्या संध्याकाळी? राणीचा फोन तुम्ही घेतला होता का?"

म्हाताऱ्यानं उरलेला चहा मातीत ओतला.

"न्हाई घेतला. पर ताई, मी त्या टायमाला कमालच्या हाफिसातच हुतो. एकटा. आन त्यो फोन माज्या म्होरं हुता. वाजलाच न्हाई म्हनलं तर कोन मानंल?"


४.

(हे प्रकरण जागेवर नाही. संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये ते असायला हवं होतं. कुणीतरी काढून घेतलंय. सापडलं की लावू.)


५. घोटीत आत्ता किती वाजले?

कॅम्प सांभाळणारा कमाल ढाक्याचा. त्यानं आधी दोन्ही कानांना हात लावले.

"मैडम, फोन मेरे पास आता तो मैं हिंदी में बोलता. मराठी में मुझे सिर्फ 'जेवलास का' आता है. वो भी धोंडी चाचा ने सिखाया."

"संध्याकाळी तू कुठे होतास? मतलब, शाम को?"

"मग़रिब में मस्जिद. ऑफ़िस में चाचा बैठे थे." मग त्याला आपण काय बोललो ते उमगलं. "लेकिन चाचा ऐसा आदमी नहीं है, मैडम. क़सम से."

सगळे धागे धोंडीरामच्या गळ्याभोवती येत होते. त्या संध्याकाळी कॅम्पवर मराठी बोलणारा तोच, फोनपाशी तोच, सहा तासांचा निरोप देणाराही तोच. विभावरीला हेच खटकत होतं. फार नीट बसलेलं वेळापत्रक दिसलं की तिला आधी त्यातली चूक शोधायची सवय होती.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातूनच फुलाबाईंना फोन लावला.

"हा, बोला बाई. आलता ना फोन. म्हणला, इमान आत्ता उडालं, सहा तास. मी लगी भितीवरलं घड्याळ पाह्यलं. साडेअकरा. बोटावर मोजलं, साडेपाचाला ममईत. मंग घोटीला यायला तीन-साडेतीन तास. म्हंजी रातचे नऊ. दिस बुडाल्यावर आमच्याकडं अग्नी देत नाय, बाई. एक रात बरफावर ठेवली व्हती. ऊन असं मरणाचं. जाणती माणसं म्हणली, आता नका थांबू."

विभावरी भिंतीकडे बघत होती. खालचं घड्याळ दोह्याचं. वरचं भारताचं. दोन्हींमध्ये अडीच तासांची दरी, तिनं स्वतः खिळे ठोकून टांगलेली.

"फुलाबाई," ती हळूच म्हणाली, "इथे तेव्हा साडेअकरा नव्हते. नऊ वाजले होते."

"आँ?"

"त्यानं सांगितले ते सहा तास इथल्या घड्याळात बसून तुमच्या घड्याळात उतरायचे होते. नऊला बसलं, तीनला उतरलं. हवेत साडेतीनच तास. उरलेले अडीच तास घड्याळांतला फरक, तो त्याच्या सहामध्ये आधीच मोजलेला. तुम्ही ते सहा साडेअकरात मिळवलेत. अडीच तास दोनदा मोजले गेले."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग फुलाबाई म्हणाली, "म्हंजी बाबू दिसाउजेडी येणार व्हता?"

"आलाच होता ना. सूर्य डोंगरावर असताना."

"अगं माय माझे. कुणीच खोटं नव्हतं बोललं."

"सकाळी कुणीच नाही," विभावरी म्हणाली. "संध्याकाळचं बघायचंय. राणीला द्या."

राणी यायला तयार नव्हती. फोनवरून तिचा आवाज ऐकू येत होता, 'त्याच्या बाजूचं कुणी नको.' शेवटी श्वास आला, माणूस नाही.

"राणी, मी कुणाच्या बाजूची नाही. एकच विचारते. संध्याकाळी जो माणूस बोलला, तो काय म्हणाला? तुला आठवतं तसं सांग. मी मधे बोलणार नाही."

"शुद्ध बोलत व्हता. तुमच्यासारखं. म्हणला, लगेच कळवतो. काळजी करू नका, सकाळपर्यंत तुमचा दादा घरी येईल." आवाज तिथं थोडा फाटला. "म्हणला, तीन तास पंचवीस मिनिटांचं तर फ्लाइट आहे."

विभावरीनं राणीला विनंती केली, "आत्ता एक तास फोन जवळ ठेवशील? मी परत लावते. तू काही बोलू नकोस. फक्त ऐक."


६. थोडक्यात उत्तर हवे आहे का?

ऑफिसात बाबू आणि धोंडीराम एकमेकांकडे न बघता उभे होते. कमाल दाराशी. विभावरीनं आपला फोन टेबलावर खजुरांच्या ताटलीशेजारी ठेवला, पालथा.

"हे काय, ताई, अख्खी वरात घेऊन आलात?" गुरुप्रसाद म्हणाला.

"पाचच मिनिटं. मला धोंडीरामांच्या चुकीची खात्री करायची आहे."

"तेच तर मी म्हणतोय."

"राणीला संध्याकाळी सांगितलं गेलं की तुझा दादा सकाळपर्यंत पोचेल. असं कुणीही कसं सांगेल? इतक्या लवकर पोचता येतं का?"

"न पोचायला काय झालं? रात्रीची विमानं असतातच. तीन तास पंचवीस मिनिटांचं तर फ्लाइट आहे!"

"हेच वाक्य." विभावरीनं एक खजूर उचलला आणि परत ठेवला. "धोंडीराममामा, दोहा ते मुंबई किती?"

"सहा तास."

"कमाल, तुझं ढाका?"

"जाते वक़्त आठ, मैडम. आते वक़्त दो-ढाई."

"बाबू?"

"सहा, मॅडम. जाताना सहा, येताना दीड."

"बघा गुरुप्रसाद. इथला प्रत्येक जण घड्याळ बघून बसतो आणि घड्याळ बघून उतरतो. त्यांचं अंतर असं मोजलेलं असतं. चूक असेल, पण ते अंगावरून गेलेलं आहे. तीन तास पंचवीस मिनिटं हे कुणाच्या अंगावरून गेलेलं नाही. तसं विमानच नाही. मुंबईचं विमान साडेतीन तासांचं, आणि पुढे घाट. हा आकडा जगात फक्त एका पाखराच्या रेघेवर आहे. ती रेघ तुमच्या या स्क्रीनवर आहे, आणि परवा मी विचारायच्या आधीपासूनच ती तिथे काढलेली होती. राणीला संध्याकाळी हा आकडा सांगणारा माणूस धोंडीराम नव्हे. हा आकडा त्यांना आजही ठाऊक नाही."

"ताई, असलं पेज कुणीही उघडू शकतं. इट्स पब्लिक."

"बरोबर. म्हणून मी आणखी एकीला विचारते."

तिनं फोन उलटा केला. काचेवर लाल बटण आणि चालू असलेल्या मिनिटांचे आकडे होते.

"राणी?"

खोलीत घोटीच्या कोंबड्या ओरडल्या. मग ती बोलली, अगदी सावकाश.

"ह्योच त्यो."

बाबू पुढे झाला. धोंडीरामनं त्याचं मनगट धरलं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "न्हाई लेकरा. हात लावलास तर ह्योच तुला घरी धाडंल."


४. (सापडलं ते)

संध्याकाळी फोन गुरुप्रसादकडेच वळवलेला होता. त्यानं राणीचं सगळं ऐकून घेतलं, तिला धीरही दिला, समोरच्या पानावर आकडा बघितला. मग त्यानं अल गराफाच्या व्हिलावर फोन केला आणि देखरेख करणाऱ्याला विचारलं, काम कुठवर आलं? तो म्हणाला, बाबू असेल तर आज रात्रीत खलास, नसेल तर दोन दिवस. दुसऱ्या दिवशी त्या घरात पाहुणे येणार होते आणि घर थंड असायला हवं होतं. तसं जोडकाम बाबूशिवाय कुणाच्या हातात नव्हतं.

गुरुप्रसादनं कुणाला काही सांगितलं नाही. त्याला ते फार मोठं वाटलंही नाही. बाबू गच्चीवर पाइप जोडत राहिला, गाणं गुणगुणत, असं त्याच्या जोडीदारानं नंतर सांगितलं.


७. अंतर म्हणजे काय?

"मी काही गुन्हा केलेला नाही," गुरुप्रसाद म्हणाला. गोडवा उतरला होता. "बाई गेलेल्याच होत्या ना? रात्रीत काय फरक पडणार होता? मी सकाळी तिकीट दिलं. सकाळचं फ्लाइटही वेळेत होतं. तुमच्या या धोंडीरामानं सहा तास सांगितले नसते तर..."

"तर तुम्ही सुटला असता!" विभावरी उठून उभी राहिली. "बाबू पोचला असता, अग्नी दिला असता, आणि तुम्ही पळवलेली रात्र कुणाला कळलीही नसती. म्हाताऱ्याच्या सहा तासांत चूक नव्हती. त्याला वाटलं कुणीतरी कळवायला हवं, म्हणून त्यानं कळवलं. तुम्हालाही कळवायचं होतं. तेवढंच करायचं होतं, दुसरं काही नाही. आणि वर तुम्ही त्यालाच घरी पाठवायला निघालात! 'अंतराचा प्रश्न' म्हणे. अंतरानं काय केलंय हो तुमचं? अडीच हजार किलोमीटर मुकाट्यानं पडलंय तिथं. माणसं पाप करतात आणि समुद्राच्या माथी मारतात."

"हे बघा, ऑफिशियली..."

"ऑफिशियली मी उद्या बाबूबरोबर कामगार खात्यात जाणार आहे. तिथं काय होईल ते होईल. आणि यंदा गणपतीत तुमच्या हातात आरतीचं तबक दिसलं, तर तुमच्या माइकवरून ही गोष्ट मी सांगेन. पहिल्या प्रकरणापासून."

कमालनं दार उघडून धरलं. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "चाचा नहीं जाएगा. चाचा गया तो कैम्प का एक आदमी काम पे नहीं जाएगा." गुरुप्रसादनं खजुरांची ताटली उगाच सरळ केली.

खाली रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. धोंडीरामची गाडी इमारतीच्या सावलीला लावलेली होती. विभावरीच्या हातातला फोन अजून चालूच आहे हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. राणीनं तो ठेवला नव्हता. सगळं ऐकलं होतं तिनं.

तिनं फोन बाबूकडे दिला आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. धोंडीराम पाठमोरा झाला, गाडीची स्वच्छच असलेली काच पुसू लागला.

"राणे," बाबू म्हणाला. पुढचं त्याला येईना.

दोन हजार तीनशे साठ किलोमीटर नुसती कोंबड्यांनी भरलेली.

मग तिनं विचारलं. नाक ओढत, धाकटी बहीण विचारते तसं. हा प्रश्न त्या सकाळी कुणीतरी विचारायला हवा होता.

"दादा, तुझ्याकडं आता किती वाजले रे?"